पाणवालीतलं बेट

चूक झाली ती चहामुळे. म्हणजे महापौरांच्या मते चहामुळे. चहाला बोलता आलं असतं तर त्याने महापौरांचंच नाव घेतलं असतं.

जुन्या नकाशांच्या नकला करणाऱ्या त्या कारखान्यात चहा दोन प्रकारचा असायचा. एक पिण्याचा आणि एक कागदाचा. कोऱ्या जाड कागदाला पाचशे वर्षांचं म्हातारपण आणायचं तर त्याला टबातल्या चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घालावं लागतं. मग तो असा पिवळट-तपकिरी होतो की बघणाऱ्याला वाटावं, कुण्या सरदाराच्या पेटीतूनच निघालाय. दोन्ही चहांचे कप एकाच रंगाचे, आणि महापौर, म्हणजे तिथले एक रंगारी, बोलण्याच्या नादात हाताला लागेल तो उचलायचे. "काही फरक नाही," असं वर म्हणायचे, "उलट कागदाचा जरा कडक असतो."

तर त्या दिवशी असाच कुठला तरी चहा पिता पिता ते मागे वळले, कारण शेजारच्या टेबलावरच्या खलाशाला टोमणा मारल्याशिवाय त्यांना घोट उतरत नसे. हा खलाशी बोटीवर कधी चढलेला नव्हता. नकाशातला समुद्र रंगवायचं काम त्याच्याकडे होतं, एवढंच. टोमणा नीट बसला, पण हातातला कप कलला, आणि एक टपोरा थेंब मूळ ट्रेसिंगवर पडला.

मूळ ट्रेसिंग म्हणजे कारखान्याची अन्नपूर्णा. युरोपातल्या जुन्या शहरांचे नकाशे, पक्ष्याने वरून बघावं तसे काढलेले, घराघराचं छप्पर दिसेल असे, एकदा मोठे करून पारदर्शक कागदावर रेघ न् रेघ उतरवून ठेवलेले. ते ट्रेसिंग खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर पसरायचं, वर कागद ठेवायचा, गिरवायचं, चहात बुडवायचं, वाळवायचं आणि रंगवायचं. मग ती शहरं सोनेरी चौकटींतून लोकांच्या बैठकीत जाऊन सोफ्याच्या वर टांगून घ्यायची. ज्यांना स्वतःच्या पलीकडच्या गल्लीत कोण राहतं ते माहीत नाही, ते लोक पाहुण्यांना बोट लावून दाखवायचे, "हा बघा इथला मुख्य चौक." शहरांची खरी नावं कारखान्यात कुणाच्या जिभेला वळायची नाहीत, म्हणून कामापुरती नावं पडलेली: तटबंदीचं शहर ती तटवाली, मोठ्या घुमटाचं ती घुमटवाली, आणि समुद्रात पाय सोडून बसलेलं, गल्ल्यांऐवजी कालवे असलेलं शहर ती पाणवाली. सगळ्यांत जास्त खप पाणवालीचा.

थेंब पडला तो पाणवालीच्या भर समुद्रात. जिन्यात मालकीणबाईंच्या चपला वाजत होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत, पण मायेने नव्हे. पुसायला जावं तर कागद फाटणार. महापौरांनी पेन उचललं, डागाला कड काढली, कडेला लाटा घातल्या, आत चार छपरं, एक टोकदार मनोरा, आणि हात चाललाच होता म्हणून एक झाड. ताई आत आल्या तेव्हा पाणवालीला एक बेट झालेलं होतं. चूक झाकावी तर अशी, वर देऊळ बांधून.

नावं लिहायचं काम वहिनींकडे होतं. वहिनी म्हणजे महापौरांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. त्या महापौरांच्याच घरी मागच्या खोलीत राहत, म्हणून ते त्यांना वहिनी म्हणत, आणि ते म्हणत म्हणून सगळा कारखाना म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रेसिंग पाहिलं आणि हळूच विचारलं, "भावोजी, हे बेट काल नव्हतं."

"काल तुमचं लक्ष नव्हतं."

"नाव काय लिहू याचं?"

"लिहा काहीतरी. तिकडचं वाटेल असं. कोण जातंय बघायला."

वहिनींनी इतर नावांतली अक्षरं इकडची तिकडे करून एक नाव बनवलं आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात बेटाखाली लिहिलं. त्या दिवसापासून प्रत्येक पाणवाली बेटासकट विकली जाऊ लागली. प्रत्येकीच्या पाठीवर ताईंनी छापून घेतलेली चिठ्ठी चिकटवलेली असायची: 'रेघ न् रेघ मुळाबरहुकूम.'

महापौर हे नाव त्यांना पडलं त्याला कारण त्यांची वाणी. तरुणपणी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मग गाड्यांचे नंबर, मग छापील पाट्या आल्या आणि शिडी विकून ते या कारखान्यात आले. छपरं रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तांदळाएवढं छप्पर, त्याची उन्हातली बाजू वेगळी, सावलीतली वेगळी. अशी हजारो छपरं रंगवल्यावर माणसाला वाटणारच की गाव आपलं आहे. "आमच्या तटवालीत अशी गर्दी चालत नाही," असं ते बसच्या रांगेत म्हणायचे. घरी नळ गेला की बायको म्हणायची, "अहो महापौर, आधी इथलं पाणी बघा." त्यांना त्यातला टोमणा कळायचा नाही. पदवीच तेवढी ऐकू यायची.

कारखान्यात खिडकी एकच होती. तिच्याखालचं टेबल महापौरांचं. खिडकीचं टेबल ज्याचं, त्याचा पगार इतरांपेक्षा बरा, त्याला काम निवडायचा हक्क, आणि त्याच्या हातात शेवटचा ब्रश. तो फिरल्याशिवाय नकाशा चौकटीत जायचा नाही. या टेबलासाठी त्यांनी आधीच्या म्हाताऱ्याला काय काय करून उठवलं होतं ती वेगळी गोष्ट. म्हातारा अजून रस्त्यात दिसला की महापौर पलीकडच्या बाजूने जातात.

आणि या टेबलाखाली त्यांचं गुपित होतं. बेट काढल्यानंतरच्या काळात त्यांचे डोळे गेले होते. सगळे नव्हेत. कडेकडेचं दिसायचं, माणूस दिसायचा, दार दिसायचं, पण जिथे नेमकं बघावं तिथेच धुरकट गोळा. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय, चष्म्याने भागणार नाही, बारीक काम सोडा. महापौरांनी बारीक काम सोडलं नाही. डॉक्टर सोडला.

हे घरात फक्त वहिनींना कळलं, कारण नकाशे त्यांच्या हाताखालून जायचे. एक दिवस त्यांना दिसलं की छपरं रस्त्यावर उतरली आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत सगळे अंगणात गेल्यावर त्या खिडकीपाशी बसल्या आणि छपरं आपापल्या घरांवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशीही. मग तो पायंडाच पडला. सगळे भाकरी खायला बाहेर, वहिनी उपाशीपोटी खिडकीत, आणि महापौर दारात राखणीला. वहिनींचा डबा वाया जायला नको म्हणून तोही ते खाऊन टाकायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "शिकतायत माझ्याकडे. उशीर झालाय त्यांना, पण असू दे."

एकदा वहिनी म्हणाल्या, "भावोजी, एकदा ताईंना सांगून टाका ना. मीच करते म्हणावं बारीक काम, तुम्ही समुद्र घ्या."

"म्हणजे मी खलाशाच्या हाताखाली?" महापौर म्हणाले. "वहिनी, मागच्या खोलीचं भाडं मी कधी मागितलंय तुमच्याकडे?"

वहिनींनी पुन्हा विषय काढला नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एक मोठं हॉटेल आडवं आलं. हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर भिंतभर पाणवाली हवी होती, हाताने रंगवलेली. काम आणणारा सजावटवाला चष्मा डोक्यावर आणि गॉगल डोळ्यांवर घालणारा गृहस्थ होता. त्याने निरोप धाडला की संग्रहालयातून मूळ नकाशाची छापील प्रत मिळवली आहे, ती घेऊन येतो, ताडून पाहू. ताईंनी तीच प्रत आपल्याकडेही मागवून घेतली, ट्रेसिंगशेजारी ठेवली आणि रेघ न् रेघ मुळाबरहुकूम बोट फिरवत गेल्या. भर समुद्रात बोट थांबलं.

सकाळी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. "हे बेट कुणी आणलं?"

टबावरच्या माणसाने दोरीवरचे चिमटे मोजायला घेतले.

"आजवर गेलेल्या प्रत्येक पाणवालीत हे आहे. मी चिठ्ठ्या चिकटवतेय मुळाबरहुकूम म्हणून. आता तो माणूस येऊन मला भामटी म्हणाला तर काय तोंड दाखवू? मला नाव पाहिजे. नाही मिळालं तर खिडकीचं टेबल मी आजच रिकामं करते. शेवटचा हात तिथलाच असतो, बरोबर ना, महापौर?"

महापौरांच्या तोंडावर काही आलं नाही. इतकी वर्षं सरकारी थाटात वावरल्याचा एवढा तरी फायदा. ते पुढे झाले, बेटावर बोट ठेवलं. ते त्यांना दिसत नव्हतं, पण जागा पाठ होती.

"ताई, मी छपरं रंगवतो. छप्पर दिसलं की रंगवायचं, एवढंच माझं काम. पण याला नाव आहे. नाव ज्याने दिलं त्याला बेट ठाऊक असणार. अक्षर कुणाचं आहे तेवढं बघा."

अक्षर कुणाचं ते बघायची गरज नव्हती. कारखान्यात अक्षर एकाच माणसाला येत होतं.

वहिनींनी दिराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दीर खिडकीबाहेर बघत होते, त्यांना बाहेरचं तसंही नीट दिसत नव्हतं.

"अक्षर माझंच आहे," वहिनी म्हणाल्या.

"आणि बेट?"

"अक्षर माझं आहे," त्या पुन्हा म्हणाल्या. ताईंना तेवढं पुरलं. वहिनींनी एप्रन काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि जिना उतरल्या. खलाशी हळूच म्हणाला, "महापौर, घरचंच माणूस होतं." महापौर म्हणाले, "कामात घर आणायचं नसतं." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की दिवसभरात त्यांनी ते तिघांना ऐकवलं.

दुपारी सजावटवाला आला. त्याने ताडून पाहिलं, बेटापाशी थांबला, गॉगल वर केला आणि हसत सुटला. "हे तर मुळात नाहीच. कुणाच्या डोक्यातून निघालं? वा. हे ठेवायचं हं, हॉटेलवाल्यांना असलं काहीतरी सांगायला लागतंच. आमच्याकडे एक बेट आहे जे जगात कुठे नाही. आणखी मोठं करा."

ताईंनी पाण्याचा पेला उचलला आणि हळूहळू रिकामा केला. तेवढ्या वेळात वहिनींना परत बोलवायचा विचार त्यांच्या मनात आला आणि गेलाही. सकाळी काढलेलं माणूस दुपारी बोलवलं तर उद्यापासून कोण ऐकणार? त्यांनी महापौरांकडे पाहिलं. "ऐकलं ना? मोठं करायचंय."

महापौरांनी तोंड उघडलं. तेव्हा ते बोलले असते तर बेटाचं कौतुक त्यांचं होतं आणि वहिनींचं टेबल वहिनींचं. पण मग सकाळचं काय, असा प्रश्न आला असता. उघडलेल्या तोंडाचं काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी जांभई दिली.

भिंतीची पाणवाली चार मोठ्या तुकड्यांत करायची होती. रेघा गिरवून, चहात भिजवून तुकडे खिडकीपाशी आले. जेवणाची सुट्टी झाली, सगळे अंगणात गेले, महापौर सवयीने दारात राखणीला उभे राहिले, आणि जरा वेळाने त्यांच्या लक्षात आलं की राखायला आत कुणीच नाही.

घरी त्यांच्या बायकोने मागच्या खोलीचा हिशेब नव्याने मांडला होता. "पगार नाही तर निदान धुणंभांडी तरी," असं ती भिंतीकडे बघून म्हणे, म्हणजे वहिनींना ऐकू जाई. वहिनी धुणंभांडी करत. रविवारी दुपारी महापौर मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत जायचा धीर होईना. वहिनी उजेडात बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या.

"वहिनी, भिंतीचं काम आलंय. मोठं आहे."

"ऐकलं."

"मी तुकडा घरी आणतो. गुंडाळून. कुणाला कळायचं नाही. नुसती छपरं. दोन-चार गल्ल्या."

वहिनींनी सुईतला संपलेला दोरा काढला. रिळावरून नवा घेतला, टोक ओलं केलं, आणि सुई डोळ्यांसमोर धरून पहिल्याच झटक्यात ओवला.

"दिसत नाही हो मला आता, भावोजी," त्या म्हणाल्या.

महापौरांना सुईही दिसली नाही आणि दोराही नाही. हाताची हालचाल मात्र दिसली. कडेचं त्यांना दिसायचं.

"माझं टेबल जाईल," ते म्हणाले.

"जाईल," वहिनी म्हणाल्या आणि अभ्रा उलटा केला.

पुढच्याच आठवड्यात त्या घर सोडून गेल्या. गावाच्या टोकाला थडग्यांचे दगड घडवणारा एक म्हातारा होता, त्याला दगडावर नावं रेखणारं कुणीतरी हवं होतं. नावाखाली गिऱ्हाईक निमूट झोपलेलं असतं, तक्रार करत नाही. मागे एक खोलीही होती. निघताना महापौरांच्या बायकोने विचारलं, "अभ्रे कुठे ठेवलेत?" निरोप म्हणायचा तर तेवढाच.

इकडे महापौर आठवणीवर गाव वसवत होते. पाणवाली त्यांना झोपेत पाठ होती, पण नेहमीच्या मापात. भिंतीच्या मापात बोटाचा अंदाज चुकत गेला. तांबडी छपरं घरांवरून घसरली, गल्ल्यांतून वाहिली, कालव्यांत उतरली. खलाशाने पहिल्या दिवशी पाहिलं आणि गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याने पाहायला इतरांना आणलं. सगळे पाठीमागे उभे राहत, आणि महापौर वळले की आपापल्या टेबलावर. कोण सांगणार, आणि का? महापौरांनी प्रत्येकाच्या वाट्याला एखादा तरी टोमणा ठेवलेला होता.

सजावटवाला काम कुठवर आलं ते बघायला आला तेव्हा त्याने गॉगल वर केला आणि ताईंना विचारलं, "गावात पूर आलाय का?"

ताई आत गेल्या आणि नकाशाचा हाताएवढा एक कापलेला तुकडा घेऊन आल्या. तो त्यांनी महापौरांच्या पुढ्यात ठेवला. सगळी टेबलं थांबली होती.

"महापौर, हा भाग जरा समजावून सांगा साहेबांना. तुमच्यासारखं कुणाला येत नाही."

महापौरांचा आवाज लगेच भरला. फार दिवसांनी कुणीतरी त्यांना गाव दाखवायला सांगत होतं. त्यांनी तुकड्यावर तळहात फिरवला. "हा मोठा पूल. इथून खाली मासळीबाजार, पहाटेपासून गजबज. हा मुख्य कालवा, असा वळतो. आणि इथे," त्यांनी बोट टेकवलं, "इथे होडी बांधलेली आहे. व्यापाऱ्याची. बघा, दोर दिसतोय."

तुकडा पाणवालीचा नव्हता. तटवालीचा होता, तटाबाहेरच्या माळाचा. तिथे पाण्याचा थेंब नव्हता. जुन्या काळी गुन्हेगारांना गावाबाहेर लटकवत, आणि नकाशे काढणारे तेही इमानाने काढत. महापौरांचं बोट फासावर लोंबणाऱ्या माणसाच्या छातीवर टेकलेलं होतं. दोर होता, तेवढं खरं.

कुणीतरी फुसकन हसलं. मग थांबवता येईना, एकेक टेबल फुटत गेलं. सजावटवालाही हसला, आणि मग हसू आवरून छताकडे बघत राहिला. महापौर हसणाऱ्यांकडे तोंड करून स्वतःही हसले, कारण विनोद आपणच केला असावा असं त्यांना क्षणभर वाटलं. मग बोट तिथेच राहिलं आणि हसू गेलं.

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

महापौरांनी तुकड्यावरून बोट उचललं.

"म्हणजे आजवर छपरं कोण करत होतं?" याचं उत्तर त्या थोड्या वेळाने स्वतःच समजल्या. पण काढलेल्या माणसाबद्दल जितकं कमी समजावं तितकं कारखान्याला बरं, म्हणून त्यांनी ते तिथेच टाकून दिलं. "उद्यापासून टबावर बसा. चहाला डोळे लागत नाहीत."

खिडकीचं टेबल खलाशाला मिळालं. भिंतीची पाणवाली त्याने आणि आणखी दोघांनी मिळून कशीबशी उरकली. बेट मोठं केलं, त्यावर नाव मात्र लिहिलं नाही, कारण लिहिणार कोण. हॉटेलवाले पाहुण्यांना सांगतात की हे बेट मुद्दामच बिननावाचं ठेवलेलं आहे.

महापौर टबावर बसतात. बाह्या दुमडून कागद बुडवतात, उचलतात, दोरीवर घालतात. हात कोपरापर्यंत तपकिरी झालेत. नवे लोक त्यांना महापौर म्हणतात ते कशामुळे, हे त्या नव्यांना ठाऊक नाही. बसच्या रांगेत ते आता गप्प असतात.

एकदा सुट्टीच्या वेळी वहिनी कारखान्याच्या फाटकापाशी आल्या. वर चढल्या नाहीत. महापौर खाली गेले. वहिनींच्या नखांत दगडाची पांढरी भुकटी होती, आणि आवाजात कसलीच घाई नव्हती.

"भावोजी, माझा बारीक ब्रश तुमच्या टेबलावर राहिला होता. त्या दिवशी एप्रन काढला, पण तो घ्यायचा राहिला. खारीच्या केसांचा. असे आता मिळत नाहीत."

"आहे," महापौर म्हणाले. "वर आहे."

"मी थांबते."

"आत्ता नको, ताई आहेत. आणून देतो मी. येतोच एक दिवस तिकडे."

"या," वहिनी म्हणाल्या. "पत्ता चुकायचा नाही. सगळे तिकडेच येतात शेवटी." आणि त्या गेल्या.

ब्रश वर नव्हता. महापौरांच्या सदऱ्याच्या खिशात होता, टोपण लावलेला, बोलत असताना सबंध वेळ. त्यानंतर कितीतरी रविवार गेले. बायको सदरा धुवायला टाकते तेव्हा ते ब्रश काढून घेतात आणि दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात ठेवतात. थडग्यांच्या कारखान्याकडे जाणारी बस त्यांच्या दारावरूनच जाते. तो ब्रश अजून द्यायचा आहे.